भेटपत्रावरील वाघाटी

गेल्या आश्विनात, दिवाळीला दोनचार दिवस असताना, टोकरखाड्यातील आमच्या घरी टपालाने एक शुभेच्छापत्र आले. पाठविणारे गृहस्थ आमचे जुने सहाध्यायी. पत्रात नेहमीचाच मजकूर होता, सुखसमृद्धीचा. पण वर दिवे, कमळ किंवा लक्ष्मीची पावले नव्हती. एका वाकड्या फांदीवर पंजे रोवून बसलेले एक लहानसे रानमांजर होते. अंगावर गंजाच्या रंगाचे ठिपके, कपाळावर उभ्या पांढुरक्या रेघा, डोळे मोठे आणि किंचित रागीट. चित्राचा कागद मुद्दाम पिवळट केलेला, जणू शंभर वर्षांच्या ग्रंथातून पान फाडून काढले आहे; आणि खाली बारीक तिरप्या अक्षरांत लॅटिन नाव, फेलिस रुबिजिनोसा. रुबिजिनोसा म्हणजे गंजलेली. मराठीत आज तिला वाघाटी म्हणतात. भारतातल्या मांजरकुळातील ही सर्वांत लहान. पूर्ण वाढ झालेली वाघाटी वजनाला दीड किलोच्या आसपास, म्हणजे घरच्या गुबगुबीत बोक्याहूनही हलकी.

ते पत्र आम्ही कचेरीतील मेजावर, दौतीला टेकवून उभे केले. दुसऱ्या दिवशी जमिनीच्या कामासाठी एक वृद्ध वारली पक्षकार आले. त्यांनी ते चित्र बराच वेळ न्याहाळले आणि शांतपणे विचारले, की वकीलसाहेब, तुम्हीही वाघदेव मांडता काय? प्रश्न थट्टेचा नव्हता. तो दिवस वाघबारशीचा होता. आश्विन वद्य द्वादशीला देशावर गायवासराची पूजा होते आणि वसुबारस साजरी होते. त्याच तिथीला डांगापासून ठाणे-पालघरपर्यंतच्या डोंगरपट्टीत वारली, कोकणा आदी लोक वाघदेवापुढे नारळ ठेवतात. एकाच तिथीला एकीकडे गाय आणि दुसरीकडे वाघ, हा योग आम्हांस नेहमीच मार्मिक वाटत आला आहे. त्या वृद्धाच्या दृष्टीने दिवाळीच्या तोंडावर मांडलेले ठिपकेवाले जनावर दुसरे काय असणार? आम्ही त्यांना चित्राची हकीगत सांगू लागलो आणि सांगताना ध्यानात आले, की ती आम्हांसही पुरती ठाऊक नव्हती. पुढले काही महिने फावल्या वेळात जे वाचले, त्याचा हा गोषवारा.

असली चित्रे बहुधा एकाच खाणीतून निघतात. डॅनियल जिरॉड इलियट या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने मार्जारकुलावर एक महाग्रंथ सिद्ध केला. १८७८ पासून तो भागाभागांनी निघाला आणि १८८३ साली पुरा झाला. त्यात ४३ मोठी चित्रे आहेत. ती काढली जोसेफ वुल्फ या चित्रकाराने. वुल्फ १८२० साली जर्मनीत एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला, १८४८ त लंडनला आला आणि १८९९ त तेथेच वारला. त्याची रेखाटने जोसेफ स्मिट याने दगडावर उतरविली आणि छापून निघालेल्या प्रत्येक प्रतीत रंग हाताने भरले गेले. आज जगभर भेटपत्रांवर, दिनदर्शिकांवर आणि चहाच्या पेल्यांवर जी जुन्या वळणाची वाघमांजरे दिसतात, त्यांतील कित्येकांचे कूळ या ग्रंथापर्यंत नेऊन भिडविता येते.

येथे एक मौज आहे. भेटपत्र आणि प्राण्यांचे चित्र यांची गाठ आज पडलेली नाही. दोघांचा जन्म एकाच दगडावर झालेला आहे. १७९६ च्या सुमारास बव्हेरियात सेनेफेल्डरने शिळाछापाची युक्ती शोधली. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्याच गोष्टीवर ती उभी आहे. गुळगुळीत चुनखडीवर तेलकट खडूने रेखाटावे, दगड ओला करावा, शाई फिरवावी. शाई रेघेला चिकटते, ओल्या भागाला चिकटत नाही. तांब्यावर कोरणाऱ्या कारागिराचा मध्यस्थ हात गेला आणि चित्रकाराचा खडू थेट कागदापर्यंत पोहोचला. मांजराची लव दाखवावयाची तर याहून सोयीचे साधन कोणते? १८४३ साली लंडनच्या हेन्री कोलने नाताळचे आशीर्वाद हाताने लिहिण्याचा कंटाळा येऊन हॉर्स्ली नावाच्या चित्रकाराकडून एक कार्ड काढून घेतले. त्याच्या हजार प्रती निघाल्या, किंमत एक शिलिंग. तेही शिळाछापाचेच आणि रंग हातानेच भरलेले. म्हणजे वुल्फची वाघाटी आणि पहिले नाताळपत्र ही एकाच कारखान्यातली भावंडे म्हणावयाची.

आपल्याकडे हा दगड आला तो मात्र देवांना घेऊन. १८७८ साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनी चित्रशाळा काढली. १८९४ साली राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत उघडला आणि पुढे मळवलीला गेला. घरोघर लक्ष्मी-सरस्वती पोहोचल्या त्या येथून. वाघ आले तेही अंबेचे वाहन म्हणून. वाघ हा वाघ म्हणून चित्रात यावा, त्याला पाठीवर कोणी बसविलेले नसावे, ही कल्पना आमच्या छापखान्यांना फारशी सुचली नाही. या बाबतीत वारल्यांचा लाकडी वाघदेव अधिक स्वतंत्र होता. सीमेवर उभ्या केलेल्या फळीवर वाघ, वर चंद्र आणि सूर्य. स्वार कोणीही नाही. गोव्याच्या सत्तरी-सांगे भागात रानाच्या कडेला वाघ्रो म्हणून जी पाषाणशिल्पे पुजली जातात, त्यांतही वाघ स्वतःच देव आहे.

आता युरोपातील चित्रांविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ही चित्रे सुंदर असली तरी काढणाऱ्यांनी ते जनावर रानात पाहिलेले होते असे समजू नये. वुल्फने लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जिवंत जनावरे पाहिली आणि उरलेली कातड्यांवरून जुळविली. ज्या फांदीवर आमची वाघाटी बसली आहे ती फांदी कोणत्या देशातील झाडाची, हे सांगणे वनस्पतिशास्त्र्यालाही जड जाईल. ऐकीव माहितीवर चित्र काढण्याची ही परंपरा फार जुनी आहे आणि तिचा एक धागा आमच्याच किनाऱ्याशी येऊन मिळतो. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाने आफोंसो द आल्बुकेर्कला दिलेला गेंडा १५१५ साली गोव्याहून लिस्बनला गेला. न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्यूररने तो कधी पाहिला नाही. कोणाच्या पत्रावरून आणि रेखाटनावरून त्याने लाकडी ठसा काढला, मानेवर एक जादा शिंगही बसविले, आणि पुढे कित्येक पिढ्या युरोपाने तोच गेंडा खरा मानला. त्याच्या आदल्या वर्षी पोर्तुगालच्या राजाने पोपकडे जी वकिलात धाडली, तिच्यात हत्तीबरोबर घोड्याच्या पाठीवर बसून शिकार करणारा एक ‘ओंसा’ही होता. होर्मुझहून आलेला. ओंसा म्हणजे चित्ता की बिबळ्या, हा वाद अजून चालू आहे. कारण पोर्तुगीज भाषेने दोघांनाही, आणि पुढे ब्राझीलमधल्या जॅग्वारलासुद्धा, तोच शब्द वापरला. १७८३ पासून १९५४ पर्यंत आमच्या नगर हवेलीत पोर्तुगीजांचे राज्य होते, पण येथल्या रानातील मांजरांचे एखादे चित्र त्यांनी काढविल्याचे आमच्या वाचनात नाही. सागाचा हिशेब मात्र त्यांनी चोख ठेवला असावा.

मराठी मुलखातील मांजरांचा पहिला पद्धतशीर दाखला एका इंग्रज सैनिकाने ठेवला आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे त्याचे नाव. पेशवाई बुडाल्यावर १८२४ साली एल्फिन्स्टनने त्याला दख्खनची आकडेवारी जमविण्याच्या कामावर नेमले. साइक्स पिके, भाव, लोकसंख्या मोजत हिंडला आणि हिंडता हिंडता पाखरे व जनावरेही टिपत गेला. १८३१ साली लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळीपुढे त्याने दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी वाचली. ती यादी आमच्या मते मराठी भाषेचाही एक ऐवज आहे. कारण लॅटिन नावाशेजारी त्याने ‘मराठ्यांचे नाव’ म्हणून देशी शब्द नोंदविले. पट्टेदार वाघ तेथे आहे, बिबळ्या वाघ आहे, मोठे रानमांजर आणि लहान रानमांजर अशी जोडीही आहे. रोमन लिपीत त्या शब्दांची जी ओढाताण झाली आहे ती पाहून हसू येते, पण कानाने ऐकून लिहिलेला शब्द कागदावर राहिला हे काय थोडे? त्यानेच लिहिले आहे, की १८२५ ते १८२९ या पाच वर्षांत एकट्या खानदेशात सरकारी कागदांप्रमाणे हजारांहून अधिक वाघ मारले गेले. आकडेवारीच्या माणसाने दिलेला हा आकडा. त्यावर त्याने अश्रू ढाळलेले नाहीत, आणि त्या काळात ते अपेक्षितही नव्हते.

परंतु साइक्सचीही एक फसगत झाली. बिबळ्याला त्याने दोन निरनिराळ्या जाती मानले आणि एकीला मराठ्यांचा ‘चित्ता’ असे नाव दिले. खरा चित्ता वेगळाच प्राणी. दोष एकट्या साइक्सचा नव्हे. संस्कृतातील चित्रक, म्हणजे ठिपकेवाला, हा शब्द ज्याच्या अंगावर ठिपके त्याला लागू झाला, आणि आमच्या भाषेने बिबळ्या, बिबट्या, चित्ता यांचा गोंधळ आजतागायत मिटविलेला नाही. वर्तमानपत्रे उघडून पाहावीत.

कॅप्टन वॉल्टर स्मी हा मुंबईच्या फौजेतला दुसरा अधिकारी. त्याने १८३३ साली त्याच मंडळीपुढे गुजरातच्या सिंहांची कातडी मांडली. साबरमतीच्या आसपास त्याने अकरा सिंह मारले होते. गुजरातच्या सिंहाला आयाळ नसते, सबब तो वेगळा प्रकार, असे त्याचे प्रतिपादन होते. ते पुढे टिकले नाही. आयाळ असते, आफ्रिकेतील सिंहापेक्षा तोकडी असते इतकेच. परंतु स्मीने एक शब्द वाचविला. तेथले लोक सिंहाला उंटिया वाघ म्हणत, कारण रंग उंटाचा. अहमदाबादच्या परिसरात त्या काळी सिंह होते, ही गोष्ट आज सांगितली तर लोक आमच्याकडे संशयाने पाहतात. पुढे ते गीरपुरते उरले; २०२५ च्या गणतीत सौराष्ट्रात ८९१ भरले. सिल्वासाजवळ वासोण्याला कुंपणात ठेवलेले सिंह रविवारी मुलांना दाखवावयाला आम्हीही गेलो आहोत. गाडीच्या जाळीतून ते पाहताना स्मीची अकरा कातडी आठवतात आणि मुलांना काय सांगावे ते सुचत नाही.

आता आमच्या वाघाटीकडे वळू. तिचे शास्त्रीय बारसे १८३१ साली पॅरिसच्या इझिदोर जॉफ्रॉय सेंट-हिलेर याने केले. कातडे पुदुचेरीकडून बेलांजे नावाच्या प्रवाशाने आणलेले. म्हणजे साइक्स आपली यादी वाचत होता त्याच वर्षी. पुढे १८६७ साली टी. सी. जर्डन या फौजेतील डॉक्टरने हिंदुस्थानच्या सस्तन प्राण्यांवर ग्रंथ लिहिला. त्यात ‘वागाटी, घाटावरील मराठी’ असा शब्द आहे खरा, पण तो दिला आहे दुसऱ्याच मांजराला. ज्याला इंग्रजीत बिबळ्यामांजर म्हणतात त्याला. ते घाटातील दाट रानात राहते आणि अंगाने मोठे असते. तो शब्द पुढच्या इंग्रजी पुस्तकांतून तसाच उतरत गेला. आज जुन्नरकडे उसाच्या फडात जी इवलीशी ठिपकेवाली पिले सापडतात आणि बिबट्याचे बछडे म्हणून गाव गोळा होतो, त्यांना वनखात्याचे लोक वाघाटी म्हणतात, आणि ती असतात गंजठिपक्यांची. शब्द एका जनावरावरून दुसऱ्यावर सरकला, की घाटातील माणसाने दोघांनाही आरंभापासून तेच नाव दिले होते आणि जर्डनने एकच ऐकले? आमचा कल दुसऱ्या मताकडे आहे. रानात राहणाऱ्याला कातड्यावरच्या ठिपक्यांची मोजदाद करण्यापेक्षा कोंबडी कोणी नेली हे कळणे अधिक अगत्याचे असते.

जर्डनने गंजठिपक्यांचे एक पिलू १८४६ साली पाळले होते. ते फार माणसाळले. पण आठ महिन्यांचे झाले असता त्याने खोलीत आणलेल्या चिंकाऱ्याच्या पाडसाची मानगूट धरली आणि मोठ्या कष्टाने ते सोडवावे लागले. वुल्फच्या चित्रातील त्या किंचित रागीट डोळ्यांवर आमचा विश्वास बसला तो ही हकीगत वाचल्यावर.

इलियटचा ग्रंथ पुरा झाला त्याच १८८३ साली, १५ सप्टेंबर रोजी, मुंबईत आठ गृहस्थांनी मिळून निसर्गेतिहासाची मंडळी स्थापन केली. आठांपैकी दोघे मराठी: प्रार्थनासमाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. (हे सखाराम अर्जुन म्हणजे रखमाबाईंचे सावत्र वडील. आमच्या व्यवसायातील माणसाला त्या घराचे नाव निराळ्याच दाव्यामुळे पाठ असते.) याच मंडळीतील रॉबर्ट स्टर्नडेल याने पुढल्या वर्षी सस्तन प्राण्यांवर पुस्तक काढले आणि त्यातील पुष्कळशी चित्रे स्वतः रेखाटली. स्टर्नडेल हा रानात हिंडलेला माणूस होता. त्याची चित्रे वुल्फच्या मानाने साधी, काळ्या शाईची. भेटपत्र छापणारे तिकडे वळत नाहीत. याच मंडळीने १९११ त खानदेशापासून आरंभ करून देशभर सस्तन प्राण्यांची पाहणी चालविली. त्या सामग्रीवर प्रेटर यांनी १९४८ साली जे पुस्तक लिहिले ते पुढे दोन पिढ्यांनी वापरले. प्रेटर घटना समितीचेही सभासद होते. कायद्याचा आणि जनावरांचा असा संबंध आमच्या फार पथ्यावर पडतो.

चित्त्याविषयी लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. इलियटच्या ग्रंथात चित्ता आहे आणि भेटपत्रांवर तो सर्वांत अधिक खपत असावा. कोल्हापूरच्या दरबारी चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटाची शिकार करवीत आणि ते सांभाळणाऱ्यांना चित्तेवान म्हणत. विसाव्या शतकात देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणावे लागले. १९४७ साली कोरियाच्या राजाने एका रात्री तीन मारले. १९५२ साली देशातून प्राणी नष्ट झाल्याचे जाहीर झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून आठ चित्ते कुनोला आणले गेले. मधली सत्तर वर्षे चित्ता या देशात राहिला तो कागदावर. चित्राचे उपकार म्हणावे तर हे, आणि अपकार म्हणावे तरी हेच. कारण भिंतीवर रुबाबदार चित्ता असताना माळावर तो नाही, याची आठवण किती जणांस राहिली?

वकिली नजरेने पाहता या भेटपत्रात आणखी एक गंमत आहे. आमच्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे कलाकृतीवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. वुल्फ १८९९ त गेला. त्याच्या मांजरावर आज कोणाचीही मालकी नाही. कोणीही छापावे, कोणीही विकावे. उलट खऱ्या वाघाटीचे कातडे १९७२ च्या वन्य जीव कायद्याने सरकारची मालमत्ता ठरते आणि ते बाळगणारा तुरुंगात जातो, कारण तिचे नाव पहिल्या परिशिष्टात आहे. तेथेही नाव लॅटिन. मूळ परिशिष्टात तर तेच होते, शुभेच्छापत्रावरचे.

आणि येथेच आम्हांस एक जुनी गोष्ट कबूल करावयाची आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका खटल्यात आम्ही आरोपीचे काम पाहिले. कोणते न्यायालय, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. मुद्देमालात एक लहानसे कातडे होते. पंचनाम्यात ‘रानमांजराचे कातडे, एक नग’ असे लिहिलेले. कातडे तज्ज्ञाकडे पाठविलेले नव्हते, फोटोही काढलेला नव्हता. आम्ही युक्तिवाद केला, की रानमांजर ही कायद्याला ठाऊक असलेली जात नव्हे. बाऊल हे रानमांजर, वाघाटी हे रानमांजर, आणि घरातून पळून रानात गेलेला पाळीव बोका हाही लोकांच्या तोंडी रानमांजरच. तो कोणत्याही परिशिष्टात नाही. प्रस्तुत कातडे बोक्याचे नव्हे, हे सरकार पक्षाने सिद्ध केले काय? सरकार पक्षाने ते सिद्ध केलेले नव्हते. आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. युक्तिवाद कायदेशीर होता आणि आजही आम्ही तो तसाच करू. अशिलाचे काम म्हणजे अशिलाचे काम. निकालाच्या दिवशी आम्ही आनंदाने चहा पाजला होता, हेही आठवते.

परंतु ते कातडे आम्ही हातात घेऊन पाहिले होते. राखी जमीन, त्यावर गंजाचे ठिपके ओळीने, डोक्यावर रेघा. त्या वेळी आम्हांस त्याचे नाव खरोखरच माहीत नव्हते. या दिवाळीत शुभेच्छापत्र उघडले तेव्हा ते कळले.

त्या वृद्ध वारली पक्षकाराला आम्ही ही सारी हकीगत सांगितली नाही. चित्र साहेबांच्या देशातील एका माणसाने मेलेल्या कातड्यावरून काढले आहे, एवढेच सांगितले. ते म्हणाले, की असेल, पण डोळे बरोबर काढले आहेत. मग पिशवीतून त्यांनी वाघबारशीच्या नारळाचा एक तुकडा काढला, मेजावर चित्रापुढे ठेवला आणि जमिनीच्या सातबाऱ्याची गोष्ट काढली.